आव्हेसचा करंडक आता नेमका कोणाचा?

मागवाला, वडगाव (बेळगाव)

नमस्कार. पोर्तुगालमधील एका छोट्या गावातील फुटबॉल क्लबचा इतिहास मला जाणकारांकडून समजून घ्यायचा आहे. गावाचे नाव व्हिला दास आव्हेस, आणि क्लबला सगळे नुसते 'आव्हेस' म्हणतात. प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण तो मला का पडला हे सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

आमच्या गल्लीत एक जुने तरुण मंडळ आहे. गणपती, शिवजयंतीचा चित्ररथ आणि फुटबॉल ही त्याची तीन कामे. संघात खेळणारी बहुतेक मुले विणकरांच्या घरची आहेत आणि मागाची पाळी संपल्यावर, अंगावर सुताची कुसे तशीच घेऊन, ती सरावाला येतात. माझे वडील या संघाचे गोलरक्षक होते. त्या काळी गोलची जाळी विकत आणण्याइतके पैसे मंडळाकडे नसत, म्हणून एका पावसाळ्यात वडिलांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी मागावर वाया गेलेल्या सुताला पीळ देऊन दोर वळले आणि घरीच जाळी विणली. ती आजही मंडळाच्या खोलीत माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आहे. उंदरांनी एका बाजूने कुरतडली आहे, पण गाठी अजून इतक्या घट्ट आहेत की नखाने सुटत नाहीत.

आता एका व्यावसायिकाने मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे. प्रशिक्षकाचा पगार, बूट, प्रवास, बाहेरच्या स्पर्धांचे शुल्क असा सगळा खर्च ते करणार. मात्र संघाची नोंदणी त्यांच्या नव्या कंपनीच्या नावावर करून द्यायची. मंडळाचे नाव कंपनीच्या नावाला जोडून राहील, असे त्यांनी तोंडी सांगितले आहे. तरुण मुलांना हा प्रस्ताव मनापासून हवा आहे आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही, कारण फाटक्या बुटांनी खेळणारे ते आहेत, मी नाही. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. तिथे काही बोलायचे तर अभ्यास करून बोलावे, म्हणून वाचू लागलो आणि आव्हेसपाशी येऊन थांबलो.

मला समजलेले एवढेच आहे. 20 मे 2018 रोजी या गावाच्या संघाने पोर्तुगालच्या राष्ट्रीय करंडकाच्या अंतिम सामन्यात लिस्बनच्या बलाढ्य स्पोर्टिंगला 2-1 असे हरवले. 2020 मध्ये तो व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर फेकला गेला. 2023 मध्ये त्याच गावात, त्याच मैदानावर 'एव्हीएस' नावाचा संघ खेळू लागला, आणि 2024 मध्ये तो वरच्या श्रेणीत पोहोचला. तर हा क्लब उभा कसा राहिला, करंडक जिंकून दोन वर्षांत तो मोडला कसा, आणि आज खेळतो तो संघ तोच क्लब म्हणायचा का? तो नसेल, तर 2018 चा करंडक आज कोणाचा धरायचा?

लोंढा जंक्शन (ता. खानापूर)

दादा, प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण हे गाव मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या आईचे माहेर गोव्यातले. त्या नात्याने मिळालेल्या कागदपत्रांवर मी काही वर्षे पोर्तो शहरात नोकरीला होतो. पोर्तोच्या साव बेंतु स्थानकातून गिमाराइंशला जाणाऱ्या लोकल गाडीने निघालात की सांतु तिर्सु मागे टाकल्यावर थोड्याच वेळात व्हिला दास आव्हेसचे स्थानक येते. वस्ती साधारण आठ हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. एका बाजूने आव्ह नदी आणि दुसऱ्या बाजूने व्हिझेला नदी वाहते व गावाजवळच दोघींचा संगम होतो. 'आव्ह' म्हणजे पोर्तुगीज भाषेत पक्षी. तिथले लोक गावाच्या नावातला शेवटचा 'स' आपल्या 'श'सारखा उच्चारतात. माझा उच्चार ऐकून स्थानकावरच्या एका आजींनी मला तो तीनदा म्हणायला लावला होता.

क्लब समजून घ्यायचा असेल तर नदीपासून सुरुवात करावी लागते. व्हिझेलाच्या पाण्यावर 1845 मध्ये तिथे सूत कातण्याची आणि कापड विणण्याची गिरणी उभी राहिली, आणि पुढे आव्हचे सगळे खोरेच पोर्तुगालच्या कापडधंद्याचे माहेरघर झाले. आपण गोकाकच्या धबधब्याशेजारची सूतगिरणी पाहिली असेल, तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल: पाण्याचा उतार, काठावर दगडी इमारत, आणि भोंग्याच्या तालावर चालणारे गाव. अशा गिरणीगावात 12 नोव्हेंबर 1930 रोजी हा क्लब स्थापन झाला. लाल आणि पांढरा हे त्याचे रंग. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे तो खालच्या श्रेणींतच खेळला, आणि या काळाविषयी बाहेर कोणी फार लिहिलेले नाही. मला मात्र तोच काळ क्लबचा खरा पाया वाटतो. सभासदांची वर्गणी आणि रविवारी सामन्याला येणारा गावकरी, यांवर तो टिकला.

1981 मध्ये क्लबचे आजचे मैदान सुरू झाले, आणि 1984-85 च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून आव्हेस पहिल्यांदा प्रथम श्रेणीत गेले. एका हंगामात खाली आले. 2000-01 मध्ये पुन्हा वर गेले, पुन्हा एका हंगामात खाली. 2006-07 मध्ये तिसऱ्यांदा तेच. पोर्तुगालमध्ये बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांचे वर्चस्व इतके आहे की त्यांच्याखेरीज राष्ट्रीय साखळी स्पर्धा आजवर फक्त दोघांनी जिंकली: 1945-46 मध्ये बेलेनेन्सेस आणि 2000-01 मध्ये बोआव्हिश्ता. तेव्हा आठ हजारांच्या गावाने वर जाणे आणि टिकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे. चौथ्यांदा, म्हणजे 2017-18 मध्ये, आव्हेस टिकले आणि त्याच हंगामात करंडकही जिंकले. गावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फुटबॉलमध्ये असे वर्ष दुसरे नाही.

करंडकाचा अंतिम सामना लिस्बनजवळ जामोर इथल्या राष्ट्रीय स्टेडियमवर होतो. 1944 मध्ये बांधलेले हे स्टेडियम झाडीच्या मधोमध आहे. सामन्याच्या दिवशी लोक सकाळपासूनच तिथे येतात, झाडांखाली चादरी अंथरतात, निखाऱ्यांवर मांस भाजतात, घरून आणलेली दारू पितात आणि दुपार कलली की स्टेडियमकडे चालू लागतात. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला गाड्यांच्या सावलीत चुली पेटलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दृश्यात काही परके वाटणार नाही. त्या दिवशी अलेशांद्रे गेदेश या आघाडीपटूने 16 व्या आणि 72 व्या मिनिटाला गोल केले. विशेष म्हणजे तो लहानाचा मोठा झाला स्पोर्टिंगच्याच प्रशिक्षण केंद्रात. 85 व्या मिनिटाला मोंतेरोने स्पोर्टिंगचा एक गोल परत केला, आणि पुढची मिनिटे आव्हेसच्या लोकांनी कशी काढली असतील याची कल्पना करावी. गोलमध्ये उभा होता किम, पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघातून आणि बेनफिकाकडून खेळलेला, वय वर्षे 42. आपल्या वडिलांना ही गोष्ट आवडली असती.

प्रशिक्षक जुझे मोता हे त्या एकाच हंगामातले संघाचे तिसरे प्रशिक्षक होते. करंडक जिंकणाऱ्याला युरोपच्या स्पर्धेत जागा मिळते, पण युरोपीय फुटबॉल संघटनेचा परवाना नसल्यामुळे आव्हेसला ती घेता आली नाही. ऑगस्टमध्ये सुपर कपच्या सामन्यात पोर्तोकडून 3-1 अशी हार झाली. त्यानंतरची दोन वर्षे पैशांच्या गोष्टीची आहेत. ती मला तेवढ्या अधिकाराने सांगता येणार नाही, म्हणून इथे थांबतो.

तंबाखूचे पान (निपाणी)

लोंढ्याच्या मित्राने फार चांगले लिहिले आहे. तरी एक शंका नोंदवतो, कारण इतिहास लिहायचा तर अडचणीची बाजूही लिहावी. अंतिम सामन्याच्या पाच दिवस आधी, 15 मे 2018 रोजी, तोंडे झाकलेल्या सुमारे पन्नास जणांनी आल्कोशेत इथल्या स्पोर्टिंगच्या सराव केंद्रात घुसून त्यांच्याच खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना मारहाण केली होती. हल्लेखोर स्पोर्टिंगचेच संतप्त समर्थक होते. बास दोस्त या त्यांच्या प्रमुख आघाडीपटूच्या डोक्याला जखम झाली. अशा मनःस्थितीतला संघ हरला, तर त्या विजयाचे मोल तेवढेच धरावे का? आव्हेसला कमी लेखण्याचा हेतू नाही, पण दादा सभेत उदाहरण देणार असतील तर कोणीतरी हा प्रश्न विचारील.

लोंढा जंक्शन (ता. खानापूर)

शंका रास्त आहे आणि त्या हल्ल्याचा निषेधच करायला हवा. मात्र स्पोर्टिंगचे खेळाडू मैदानात उतरले. बास दोस्त डोक्याला पट्टी बांधून खेळला. आव्हेस त्या सामन्यापर्यंत पाच दिवसांत पोहोचले नव्हते, फेरीमागून फेरी जिंकत पोहोचले होते. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर काल्दास दा राइन्या या गावाचा, तिसऱ्या श्रेणीतला संघ होता, आणि त्याने आव्हेसला दुसऱ्या सामन्यात जादा वेळेपर्यंत झुंजवले. त्या संध्याकाळी जर काल्दास जिंकले असते, तर आज आपण वेगळ्याच गावाविषयी बोलत असतो. छोट्या गावांची छोट्या गावांशी झालेली ही लढत मला अंतिम सामन्याइतकीच मोलाची वाटते.

ताळेबंद (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. मी हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे. पतीमुळे फुटबॉल घरात आला आणि त्यातला पैशांचा भाग आपोआप माझ्या वाट्याला आला. मागवाल्या भाऊंच्या प्रश्नाची किल्ली माझ्या मते एका कायदेशीर रचनेत आहे, म्हणून ती जरा सविस्तर मांडते.

पोर्तुगालमध्ये मूळ क्लब ही सभासदांची संस्था असते. तिचे सभासद वर्गणी भरतात, मतदान करून अध्यक्ष निवडतात, आणि ती कोणाला विकता येत नाही, कारण तिला मालकच नसतो. आपल्याकडे कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खाली नोंदलेले मंडळ जसे असते, तसेच काहीसे. मात्र व्यावसायिक फुटबॉलमध्ये पगार, करार, कर्ज आणि कर यांचे आकडे वाढले, तेव्हा अशा संस्थांना उत्तरदायी धरणे सरकारला अवघड जाऊ लागले. म्हणून 1990 च्या दशकात क्रीडा कंपनी ही रचना आली. तिच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'साद' म्हणतात. 2013 च्या कायद्याने व्यावसायिक श्रेणींत खेळायचे तर अशी कंपनी स्थापन करणे बंधनकारक केले. क्लब आपला व्यावसायिक संघ या कंपनीकडे सोपवतो आणि कंपनीचे समभाग बाहेरचा गुंतवणूकदार घेऊ शकतो. मूळ क्लबाकडे किमान 10 टक्के समभाग राहिलेच पाहिजेत, आणि बोधचिन्ह, रंग किंवा मुख्य ठिकाण बदलायचे असेल तर त्याला नकाराचा अधिकार असावा, अशी तरतूद होती.

आता इथे नीट पाहा. नकाराचा अधिकार चिन्हावर आहे, रंगावर आहे, ठिकाणावर आहे. पगार वेळेवर होतात की नाही, कर भरला की नाही, कर्ज किती उचलले, यांवर दहा टक्केवाल्याचा अधिकार नाही. म्हणजे घराचा रंग बदलू न देण्याचा हक्क तुमच्याकडे, आणि घर गहाण ठेवण्याचा हक्क दुसऱ्याकडे.

आव्हेसची कंपनी 2015 मध्ये झाली आणि तिचे बहुसंख्य समभाग परदेशी गुंतवणूकदारांकडे गेले. सुरुवातीला फळ मिळाले हे मान्य केले पाहिजे. 2017 ची बढती आणि 2018 चा करंडक या दोन्ही गोष्टी त्याच पैशांच्या काळातल्या आहेत. पण 2019-20 च्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, एकामागून एक खेळाडू करार मोडून निघून गेले आणि संघ तळाला गेला. खेळाडूंच्या विम्याचा प्रश्न उभा राहून शेवटचे सामने होतील की नाही अशी शंका निर्माण झाली, तेव्हा मूळ क्लबाच्या लोकांनीच धावपळ केली. 21 जुलै 2020 रोजी बेनफिकाविरुद्धचा सामना महामारीमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. शिट्टी वाजली आणि आव्हेसचे खेळाडू पहिले मिनिटभर जागेवरून हलले नाहीत. हा निषेध कंपनी चालवणाऱ्यांविरुद्ध होता. मग ते खेळले आणि 4-0 असे हरले. मी तो सामना घरी पाहत होते. मोकळ्या खुर्च्यांपुढे, अंगावर गावाचे रंग घालून, हात खाली सोडून उभी असलेली ती मुले मला आजही आठवतात.

त्या उन्हाळ्यात आर्थिक निकष पूर्ण न झाल्यामुळे आव्हेस आणि व्हितोरिया सेतुबाल या दोघांच्या कंपन्यांना व्यावसायिक श्रेणींचा परवाना नाकारण्यात आला. आव्हेसच्या कंपनीचा संघ तिसऱ्या श्रेणीतही उतरला नाही. मूळ क्लबाने मात्र 'आव्हेस 1930' असे नाव घेऊन पोर्तो जिल्ह्याच्या तळच्या स्पर्धेपासून पुन्हा सुरुवात केली. नावात स्थापनेचे वर्ष घालण्यामागे मला एक अर्थ दिसतो: कंपनी 2015 ची, आम्ही 1930 चे.

एव्हीएस हा तिसराच प्रकार आहे. लिस्बनच्या उत्तरेला टॅगस नदीकाठी व्हिला फ्रांका दे शिरा नावाचे गाव आहे. तिथल्या व्हिलाफ्रांकेन्स या संघाची कंपनी 2023 मध्ये सुमारे 300 किलोमीटर उत्तरेला व्हिला दास आव्हेसला आणण्यात आली आणि तिला नवे नाव मिळाले. दुसऱ्या श्रेणीत खेळण्याचा हक्क तिच्यासोबत आला. 2024 मध्ये पोर्तिमोनेन्सला हरवून ती प्रथम श्रेणीत पोहोचली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तिचा 1930 शी वारसा नाही आणि 2018 शीही नाही. तिचे खाते दुसऱ्याच गावात उघडले गेले होते. करंडक जिंकणारी कंपनी संपली. ज्या क्लबाचे चिन्ह खेळाडूंच्या छातीवर होते, तो जिवंत आहे. म्हणून करंडक त्या क्लबाचा, हे माझे उत्तर.

याचे आणखी स्पष्ट उदाहरण बेलेनेन्सेसचे आहे. 2018 मध्ये क्लब आणि त्याची कंपनी यांची फारकत झाली. कंपनी प्रथम श्रेणीत राहिली, पण नाव आणि छातीवरचा क्रूस वापरण्यास न्यायालयाने तिला मनाई केली. क्लबाने लिस्बन जिल्ह्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर नवा संघ उतरवला आणि जुने प्रेक्षक त्या संघामागे गेले. पाच वर्षांत, 2023 मध्ये, तो क्लब दुसऱ्या श्रेणीपर्यंत परत आला, तर कंपनीचा संघ तोवर घसरत गेला होता.

भाऊ, आपल्या प्रस्तावाविषयी एवढेच सांगते. नोंदणी हस्तांतरित करण्याऐवजी ठरावीक वर्षांचा प्रायोजकत्वाचा लेखी करार सुचवावा, ज्यात नोंदणी मंडळाकडेच राहील. 'तोंडी सांगितले आहे' हे शब्द वाचून मला काळजी वाटली. मंडळाचे नाव कुठे, कोणत्या क्रमाने आणि किती काळ राहील, खर्च थांबला तर संघ कोणाकडे परत येईल, हे कागदावर आल्याशिवाय सभेने हात वर करू नये. मसुदा आला तर मी तो वाचून देईन, त्याचे काही शुल्क घेणार नाही.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

ताईंचे विवेचन अचूक आहे, पण एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे आणि ते मी मनापासून मांडतो. मी संकेश्वरचा. आम्हाला गडहिंग्लज जवळ, त्यामुळे लहानपणापासून तिथल्या मैदानावर सामने पाहत आलो. एवढ्याशा गावात फुटबॉल किती खोल रुजू शकतो हे तिथे पाहावे. कोल्हापूरला तर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावेच संघांची नावे आहेत. पेठेतला माणूस 'आमची तालीम' म्हणतो तेव्हा त्यात आखाडा, गणपती आणि फुटबॉल हे सगळे एकत्र आलेले असते.

म्हणूनच मला वाटते की केवळ खाते कुठे उघडले यावर क्लब ठरत नाही. व्हिला दास आव्हेसमधल्या दहा वर्षांच्या मुलाचा विचार करा. 2020 मध्ये त्याच्या गावातला मोठा फुटबॉल बंद पडला. तीन वर्षे त्याने ते मैदान बहुधा जिल्हा स्पर्धेच्या सामन्यांपुरतेच उघडलेले पाहिले असेल. मग एक संघ आला, त्याच मैदानावर बेनफिका आणि पोर्तो पुन्हा खेळायला येऊ लागले, आणि तो मुलगा बापाचे बोट धरून तिथे गेला. तो संघ 'आपला नाही' हे त्याला कोण आणि कसे सांगणार? करंडक जुन्या क्लबाचा, हे मला मान्य आहे. पण एव्हीएसही हळूहळू गावाचा होऊ शकतो, जर गावाने त्याला आपले म्हटले तर. अन्याय झाला तो व्हिला फ्रांका दे शिराच्या लोकांवर, ज्यांचा संघ 300 किलोमीटर दूर गेला. त्यांच्या बाजूने इथे अजून कोणी बोललेले नाही, म्हणून मी बोलतो.

आपल्या देशातही हे घडते. 2020 मध्ये मोहन बागान एका मोठ्या उद्योगसमूहाच्या संघाशी जोडला गेला तेव्हा 80 टक्के हिस्सा त्या समूहाकडे आणि 20 टक्के जुन्या क्लबाकडे राहिला, आणि नावाच्या सुरुवातीला त्या दुसऱ्या संघाची अक्षरे लागली. समर्थकांनी ती अक्षरे काढण्याची मागणी सोडली नाही, आणि 2023 मध्ये ती काढली गेली. म्हणजे वीस टक्के असूनही गर्दीचे वजन पडू शकते. ते वजन वडगावच्या मंडळाकडे किती आहे, याचा अंदाज दादांनीच घ्यावा.

तंबाखूचे पान (निपाणी)

माझ्या शंकेचे समाधान झाले. संकेश्वरच्या मित्राला एकच विचारतो: बागानमागे लाखो लोक होते, आव्हेसमागे आठ हजार. गर्दीचे वजन हा लहान गावाचा आधार होऊ शकत नाही. त्याला कागदच हवा. त्यामुळे सभेच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे.

मागवाला, वडगाव (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

काल रात्री मंडळाच्या खोलीत कार्यकारिणीतले पाच जण आणि संघातली सात-आठ मुले बसली होती. मी ताईंचे आणि लोंढ्याच्या मित्राचे लेखन वाचून दाखवले. मुलांना सामन्याचा भाग फार आवडला. 42 वर्षांचा गोलरक्षक ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. बेनफिकाविरुद्धच्या त्या एका मिनिटाचे वाचले तेव्हा कोणी बोलले नाही. मग आमच्या कर्णधाराने, जो या प्रस्तावाच्या बाजूने सर्वांत पुढे होता, विचारले की पगार थकल्यावर त्या खेळाडूंनी जायचे कुठे. हा प्रश्न मला सुचला नव्हता. आपल्या मुलांना पगार मिळायचा नाही, पण बूट आणि प्रवासखर्च अर्ध्या हंगामात थांबला, तर स्पर्धेत नाव कोणाचे आणि दंड कोणी भरायचा, हे कागदात असावे, असे त्यानेच सुचवले.

संकेश्वरच्या दादांचे म्हणणेही मी तसेच वाचून दाखवले. व्हिला फ्रांकाच्या लोकांविषयी मी खरोखरच विचार केला नव्हता. आमच्या करारात संघ बेळगावबाहेर हलवता येणार नाही, असे एक कलम त्यामुळे घालत आहोत.

ठरले ते असे: नोंदणी द्यायची नाही, तीन वर्षांचे प्रायोजकत्व मागायचे, आणि त्या व्यावसायिकांना सभेत सन्मानाने बोलावून त्यांची बाजू सर्वांसमोर मांडू द्यायची. ते नाही म्हणाले, तर यंदा बाहेरच्या दोन स्पर्धा सोडाव्या लागतील. मुलांना ते सांगून झाले आहे. ताई, मसुदा रविवारपर्यंत आपल्याला पाठवतो. आणि लोंढ्याच्या मित्राला एक विनंती: 'आव्हेस'मधला शेवटचा 'स' त्या आजींनी जसा म्हणायला लावला, तसा एकदा आवाज मुद्रित करून इथे टाकावा. सभेत नाव घ्यायचे आहे, ते नीट घ्यावे असे वाटते.